डावा कोपरा

चित्रकला महाविद्यालयात पहिल्या वर्षी तिनं काढलेला प्रत्येक चेहरा वाकडा यायचा. सर म्हणायचे, "हाताआधी डोळा तयार कर." आता शेवटच्या वर्षी ती तैलरंगात आईला रंगवत होती. ओठांचा डावा कोपरा काही केल्या जमेना. दोनदा रंग खरवडला, तरी तिरपाच. "नाक तरी सरळ काढ गं," खुर्चीतली आई म्हणाली. शब्द जरा जड वाटले. तिनं ब्रश आडवा धरून माप घेतलं. चित्र बरोबर होतं. "आई, हस बघू." अर्धाच चेहरा हसला. रंगानं माखलेल्या हातांनीच तिनं आईला टॅक्सीत बसवलं. "पक्षाघात आहे, पण वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. चौथ्या दिवशी आई दवाखान्यातल्या पलंगावरून पुटपुटली, "चित्र पुरं कर." तिनं पिशवीतली रेखाटनांची वही उघडली, पण आईच्या तोंडाकडे बघायचा धीर होईना. आईनंच उजव्या हातानं तिची हनुवटी उचलली.