बाजूचं दार

कॅथेड्रलच्या मोठ्या दारात एलादिओने आधी मागे वळून पाहिलं. समोरच्या बारमधली दोस्तमंडळी पत्त्यांत बुडालेली होती. तेवढी खात्री करून तो चोरासारखा आत शिरला.

चव्वेचाळीस वर्षं दर रविवारी बाराच्या मिस्सेला, चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेला, तो बायकोला, कासिल्दाला, या दारापर्यंत सोडत आला होता. ती आत, हा समोर बारमध्ये वाइन घेत. तासाभराने ती बाहेर आली की दोघं हातात हात घालून घरी. "आत कुणी नसतं. उगाच दगडांशी बोलतेस," हे त्याचं दर रविवारचं वाक्य. ती नुसती हसायची आणि ते हसू त्याला दिवसभर झोंबायचं.

कॅथेड्रल तसं सोंगाडंच. बांधलं त्याच्या आजोबांच्या देखत, पण थाट जुन्या गॉथिक चर्चचा. टोकदार कमानी, रंगीत काचा, आठशे वर्षांचं वाटावं असं. एलादिओ त्याची यथेच्छ टिंगल करायचा.

आजच्या रविवारी टिंगल सुचत नव्हती. कासिल्दा हॉस्पिटलमध्ये होती. उद्या सकाळी तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती आणि तो घाबरला होता. तिच्या नेहमीच्या बाकाजवळ एक मेणबत्ती लावावी, तेवढंच तिला बरं वाटेल, असं त्याने स्वतःला पटवलं होतं. मिस्सेला अजून थोडा वेळ होता. त्याने झाडू मारणाऱ्या सेवेकऱ्याला मोबाइलवरचा फोटो दाखवला.

"या बाई कुठल्या बाकावर बसतात हो?"

"बसतात कुठल्या? तीस वर्षं बघतोय," सेवेकरी म्हणाला. "मोठ्या दाराने आत, त्या बाजूच्या दाराने बाहेर. एक रविवार चुकवत नाहीत."

बाजूचं दार मागच्या गल्लीत उघडत होतं. समोरच चुरोसचं, तळलेल्या गोड कांड्या आणि गरम चॉकलेटचं दुकान. तळणीचा खमंग वास, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर पत्ते पिसत बसलेल्या तीन म्हाताऱ्या. चौथी खुर्ची रिकामी.

"म्हणजे कासिल्दाचे यजमान तुम्हीच," फोटो पाहून मालकीणबाई म्हणाल्या. "आज मिस्सा सोडून इकडे कसे? ती सांगते, नवरा भारी देवभोळा, तासभर गुडघ्यांवरून उठत नाही. म्हणून तर तिला इथे यायला सवड मिळते."

एलादिओ मटकन त्या चौथ्या खुर्चीत बसला.

हॉस्पिटलमध्ये पोचायला त्याला बराच उशीर झाला.

"तुझं चॉकलेट पिऊन आलो," तो पलंगाशी उभा राहून म्हणाला. "साखर जास्त होती."

कासिल्दा म्हणाली, "सापडले म्हणायचं."

"चव्वेचाळीस वर्षं मला बनवलंस?"

"एक्केचाळीस. पहिली तीन वर्षं मनापासून जात होते. मग तुझंच खरं वाटायला लागलं. पण तसं कबूल केलं असतं, तर वाद तू जिंकला असतास, आणि जिंकलेल्या एलादिओबरोबर संसार कोण करणार?"

एलादिओची छाती फुगली. म्हणजे इतकी वर्षं जिंकलेलाच होता तो. तो ऐटीत खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला.

कासिल्दाची नजर त्याच्या काळ्या पँटवर गेली. दोन्ही गुडघ्यांवर धुळीचे दोन गोल डाग होते आणि एका डागावर मेणाचा थेंब सुकला होता. तिने त्याचा हात हातात घेतला, घट्ट धरला.

"म्हणजे शेवटी मीच जिंकले की रे."