शिवप्पांचं घर

"दाजी, पाहुणे जाईपर्यंत तुम्ही देवळात बसता का?" मेव्हणा संगमेश्वर हळूच म्हणाला.

शिवप्पांनी बायकोकडं पाहिलं. पार्वतम्मा पोह्यांसाठी कांदा चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

चार वर्षं झाली, शिवप्पांच्या चेहऱ्याच्या आणि डोळ्यांच्या स्नायूंना सूज यायची. औषधानं उतरायची, पुन्हा चढायची. या खेपेला डावा डोळा बाहेर आला होता आणि तोंड एका बाजूला ओढलं होतं. लागण होणारा आजार नाही, मुलाबाळांत उतरणाराही नाही, असं लातूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं.

"आपल्याला ठावं हाय," संगमेश्वर म्हणाला. "त्यायला कुठं ठावं? पोरीलाबी असंच व्हईल म्हणतील. जमल्यावर सांगू की."

आतल्या खोलीत त्यांची मुलगी शिवानी साडी नेसत होती. तिला कळू नये म्हणून शिवप्पा मागच्या दारानं बाहेर पडले.

कोपऱ्यावरच्या महादेवाच्या पायरीवर ते बसले. उपरणं कपाळावर ओढून घेतलं. थोड्या वेळानं एक गाडी समोर थांबली. मागच्या काचेतून एक वयस्क गृहस्थ डोकावले.

"शिवप्पांचं घर कोणतं हो?"

"ते हिरव्या गेटचं."

गृहस्थांनी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं, पण नजर काढून घेतली नाही. "आम्ही निलंग्याहून आलो. त्यांची पोरगी बघायला. माणूस कसा हाय?"

शिवप्पांना ओठ नीट जुळवता येईनात. "बरा हाय. पोरीवर लई जीव हाय त्याचा."

"घरी हायेत ना?"

"न्हाई. कपिलधारला गेलेत, देवाला."

"आजच?" गृहस्थ जरा थांबले. "भेटले असते तर बरं झालं असतं."

गाडी गेटपाशी गेली. संगमेश्वर हात जोडून बाहेर आला, सगळ्यांना आत घेऊन गेला. गल्ली पुन्हा रिकामी झाली. देवळात कुणी आलं की शिवप्पा खांबाकडं तोंड करून बसत.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. शिवानीचा.

"अप्पा, घरी या. मुलाचे वडील म्हणतेत, तुमच्याशी बोलल्याबिगर पुढचं काही ठरवायचं न्हाई."

"मामाला बोलू दे बाळा. मी कपिलधारला हाय. एवढ्यात कसा येऊ?"



"अप्पा," ती म्हणाली, "मी गच्चीवर हाय. तुम्हालाच बघतेय."

शिवप्पांनी वर पाहिलं नाही.