ताईचे मसूर

ताईच्या भावाने आणलेल्या डब्याचं झाकण निघालं, मटणाच्या सुपाचा वास स्वयंपाकघरभर पसरला आणि दाजी उठून खिडकी उघडून आले.

भाऊ मनातून वरमला. त्याचं मटणाचं दुकान होतं; नाकं मुरडणारी माणसं त्याला नवी नव्हती. पण दाजी त्यातले नव्हते. बाहेर असले की सगळं खायचे. "हे घर मात्र तुझ्या ताईचं," एवढंच म्हणायचे. ताईला पोचवून आल्यापासून त्यांच्या पोटात कोऱ्या चहाशिवाय काही गेलं नव्हतं.

"थोडं घ्या, दाजी. अंगात त्राण येईल."

"घेतो," ते म्हणाले आणि चमचा हातात धरून नुसते बसून राहिले.

भेटायला आलेल्या शेजारणी निघाल्या होत्या. जिन्यावरून त्यांचं बोलणं आत ऐकू आलं. "मटण नाही, दूध नाही, अंडं नाही, तळकट नाही. किती जपून खायची. काय उपयोग झाला? डोक्यातली शीर फुटली आणि उभ्या उभ्या गेली."

दाजींनी मान वर केली नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात भाऊ स्वतः अगदी हेच बोलला होता.

उगाच काहीतरी करायचं म्हणून तो वाटी शोधायला उठला. ओट्याच्या कोपऱ्यात ओलं फडकं घातलेलं एक पातेलं होतं. त्याने फडकं उचललं, तर त्याच्याबरोबर आतलंही सगळं वर आलं. पांढरी शेपटं कापडाच्या विणीतून आरपार बाहेर पडली होती. आतून कुणीतरी कापड घट्ट धरून ठेवल्यासारखं वाटलं. त्याने हात मागे घेतला.

"दाजी, हे काय आहे?"

"मसूर. त्या दिवशी सकाळी मोड यायला ठेवले तिने. कामावर जाताना मला म्हणाली, आठवणीने पाणी मारा."

"मग?"

"मारतोय."

भावाच्या धंद्यात एकदा गेलेलं पुन्हा वाढत नसे. इथे ताई गेली होती, आणि तिने हात लावलेलं हे तिच्यामागे वाढतच चाललं होतं.

लहानपणापासून तो तिला शेळी म्हणायचा. मोठेपणीही सोडलं नाही. ती हसायची. "मग तुझ्या दुकानावरून जाताना जरा भरभर चालते मी," म्हणायची. आज सकाळी त्याने दुकान उघडलं, सुरा उचलला, खाली ठेवला आणि शटर ओढून घेतलं. बायकोला सांगितलं, पाठ धरली आहे.

"टाकून देऊ का? कडेचे काळे पडायला लागलेत."

"नको." दाजी पहिल्यांदाच घाईने बोलले. "हे संपलं की तिचं काहीच चालू राहणार नाही रे या घरात."

भाऊ पातेल्याकडे बघत राहिला. "उद्या सगळेच नासतील, दाजी. तिला चाललं असतं?"

दाजींनी नकारार्थी मान हलवली. शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाची ती ताठ मान, पण हलवायला त्यांना फार वेळ लागला.

मग दोघांनी मिळून ते शिजवले. भावाने कांदा आणि टोमॅटो चिरला. दाजींनी तेल चमच्याने मोजलं. "मीठ शेवटी घालायची ती," ते म्हणाले. तरी जरा जास्तच पडलं.

ताटं घेऊन दोघे जेवायला बसले. भाऊ नेहमीसारखा भराभरा गिळायला लागला.

"नीट चाव. मागे कोण लागलंय?"

ताईचा आवाज इतका जवळून आला की त्याने वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. समोर दाजींचा घास हातातच राहिला होता. तेही दाराकडेच बघत होते.

"तुम्हाला पण..."

"जेव," दाजी म्हणाले.

तो सावकाश चावू लागला. मीठ जास्त पडूनही मसूर गोडसर लागत होते. अर्धं ताट झाल्यावर त्याला राहवलं नाही.

"खरं सांगा, दाजी. एवढं करून काय मिळालं तिला?"

"मीही विचारलं होतं एकदा. म्हटलं, तुला शंभर वर्षं जगायचंय का? तर म्हणाली, छे हो, झोप बरी लागते म्हणून खाते असं. स्वप्नात कुणी ओरडत नाही."

भावाच्या स्वप्नात कोण ओरडतं, हे त्याने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

जेवण झाल्यावर दाजींनी पातेलं घासलं, पाणी घेतलं आणि फडताळातून बरणी काढली. एक मूठ मसूर पाण्यात टाकले. सवयीने दुसरीही टाकली. मग त्यांचा हात थांबला. ती दुसरी मूठ परत काढायला त्यांनी पाण्यात बोटं घातली, इकडेतिकडे फिरवली. पण आत गेल्यावर दोन्ही मुठी एक झाल्या होत्या.

"राहू द्या," भाऊ म्हणाला. "मोड आले की मी येतो जेवायला."

"आणि दुकान?"

भावाने पातेल्यावर झाकण ठेवलं. जरा थांबून पुन्हा उचललं आणि आत हवा जायला एका बाजूने फट राहील असं ठेवलं.