आंघोळीला गेलेत

फोन वाजला तशी ती उठली, बाथरूममध्ये जाऊन शॉवर सुरू केला, दार अर्धं उघडं ठेवलं आणि मगच फोन उचलला.

"उठलात का गं दोघं?" आईने विचारलं. "जावईबापू कुठे आहेत?"

"तो आंघोळीला गेलाय."

"हं. ऐकू येतंय पाणी."

परक्या देशात येऊन जावईबापूंना स्वच्छतेचं भारीच वेड लागलं होतं. आईचा फोन आला रे आला, की ते आंघोळीला जायचे. एकदा तिने त्याला पाव आणायला पाठवून पाहिलं. पण पाव आणायला गेलेला माणूस कधीतरी परत येतो, आणि आईचं बोलणं काही तेवढ्यात आटपत नाही. त्यापेक्षा आंघोळ बरी. व्हिडिओचं नाव निघालं की ती इथल्या नेटच्या नावाने खडे फोडायची.

स्पॅनिश शिकायचं खूळ त्याचं. महिनाभर दोघांनी इथे राहायचं, वर्गात आपली भाषा तोंडातून काढायची नाही, शिकूनच परतायचं, असा बेत. बॅगा भरून झाल्यावर त्याने शांतपणे सांगितलं की तो येत नाहीये. इथेही नाही आणि यापुढे कुठेच नाही. दुसरी कुणीतरी होती. तरी ती एकटी विमानात बसली, कारण गेली नसती तर बाबांना कारण सांगावं लागलं असतं. बाबांची बायपास नुकतीच झाली होती. डॉक्टरांनी त्यांना जिने चढायला आणि मनाला लावून घ्यायला मनाई केली होती, आणि जावई म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

वर्ग सोमवारी सुरू होणार होता. तोवर ती खोलीत बसून पुस्तकातला पहिला धडा वाचायची. धड्यात एक पुरुष आणि एक बाई एकमेकांना नाव-गाव विचारतात. ती दोघांचंही बोलायची. पुरुषाचं वाक्य आलं की आवाज जरा जाड काढायची. मग रडू फुटायचं आणि नाव-गावापुढे धडा सरकायचाच नाही.

घरमालकिणीला तिचं एक अक्षरही कळत नव्हतं. खोली दोघांसाठी घेतलेली, म्हणून पहिल्या दिवशी त्या बाईने पलंगावर दोन टॉवेल ठेवले. दुसऱ्या दिवशी आली, तर एकाची घडीही मोडलेली नव्हती. काल त्या बाईने एकच टॉवेल ठेवला आणि जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली.

आत्ता मात्र तीच बाई भिंतीवर टकटक करत होती. "आग्वा, आग्वा." एवढा एक शब्द ती वर्गाआधीच शिकली होती. पाणी.

"कोण ओरडतंय गं?"

"काही नाही. शेजारी आहेत."

आई म्हणाली, "नळ बंद कर, बाळा. पाणी फुकट चाललंय."

"अगं, तो..."

"तो येऊन गेला इथे. तुझे बाबा फिरायला गेले होते तेव्हा. तुमच्या घराची किल्ली ठेवून गेला. चहा घे म्हटलं, तर नको म्हणाला."

लग्न झाल्यापासून आईने जावयाला एकदाही अरेतुरे केलं नव्हतं. तिने हात पुढे करून शॉवर बंद केला. खोलीत एकदम फार शांत झालं.

"मग रोज विचारत कशाला होतीस?"

"तू सांगशील म्हणून."

ती तिथेच बाथरूमच्या उंबऱ्यावर बसली आणि पोटातून रडली. किती दिवस उशीत तोंड खुपसून रडत होती, आज आवाज करून रडली. आईने तिला थांबवलं नाही. "रड," एवढंच म्हणाली. "मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलंय."

तेवढ्यात पलीकडे ते दार वाजलं. बाबांचा आवाज आला, ऑपरेशननंतर थोडा बारीक झालेला.

"लेकीचा फोन ना? स्पीकरवर टाक की. जावईबापू काय म्हणतायत? मला बोलू दे दोन शब्द त्यांच्याशी."

"आंघोळीला गेलेत," आई म्हणाली.

"कधी बघावं तेव्हा आंघोळ. दे बघू इकडे फोन."

तिने नाक पुसलं, हात लांब केला आणि शॉवर पुन्हा सुरू केला.

"हो ना, बाबा. आत्ताच गेला."

बाबांनी कान देऊन पाणी ऐकलं असावं. मग म्हणाले, "गार पाण्याने करू नका म्हणावं त्यांना. परका मुलूख आहे. सांभाळ गं त्यांना."

"हो, बाबा."

पाणी वाहत राहिलं. भिंतीपलीकडून या वेळी कुणी टकटक केलं नाही.