दम लागणार नाही

रबराची छोटी नळी. पन्हाळ्याच्या चढाचं शेवटचं वळण. राज्याच्या सायकल संघात उरलेली एकच जागा. खोक्यावर छापलेलं वाक्य : 'आमची नळी वापरा, दम लागणारच नाही!'

नळी तोंडात धरायची आणि तिच्यातूनच श्वास ओढत सायकल चालवायची. दमेकरी शिल्पजाने ती मागवली, तेव्हा प्रशिक्षक मुळीक सर हसले होते. "असल्या खेळण्यांनी छाती भरत असती, तर सगळे बँडवाले ऑलिंपिकला गेले असते की!"

निवड चाचणीच्या पहाटे कडाक्याची थंडी होती. शिल्पजा सगळ्यांच्या आधी वर पोचली. पाठोपाठ दुसरी आलेली दिशा हँडलवर डोकं टेकून धापा टाकू लागली.

"काय गं भवाने, तुला दम लागला न्हाई व्हय?"

"नाही ना! नळीने खरंच काम केलं."

दिशाने मान वर केली आणि ती शिल्पजाच्या तोंडाकडे बघतच राहिली. दिशाच्या, सरांच्या, पलीकडे चहा उकळणाऱ्या मामांच्याही तोंडातून वाफ निघत होती. शिल्पजाच्या ओठांपुढे मात्र काहीच नव्हतं.

शिल्पजाने ओंजळ तोंडाशी धरून जोरात फुंकलं. तळव्यांना काही जाणवलं नाही. श्वास आत घ्यायला गेली, तर तो कसा घेतात तेच आठवेना.

सर घड्याळ नाचवत धावत आले. "जिंकलीस पोरी! आता जरा दम घे!"

फेब्रुवारीत राज्याच्या संघातून दिशा खेळली.