दुधावरचा दगड

संग्रहालयातल्या तपासणीच्या बाई दगड चाटून बघतात. आधी भिंग, मग ओल्या फडक्याने कोपरा पुसायचा, शेवटी जिभेचं टोक. साधा दगड जिभेला चिकटत नाही. हाडाचा झालेला दगड, म्हणजे जीवाश्म, बहुतेक वेळा चिकटतो, कारण हाडातली बारीक भोकं त्यात तशीच राहिलेली असतात.

टेबलापलीकडे एक निवृत्त ओव्हरसियर आणि त्याची बायको बसली होती. रस्ते खणताना तीस वर्षांत जमवलेले चौदा दगड त्याने पिशवीतून आणले होते. येत्या आठवड्यात दोघं मुलाच्या दोन खोल्यांत राहायला जाणार होती. बायकोने घरीच निकाल लावला होता, की बाई ज्याला हाड म्हणतील तेवढंच तिकडे न्यायचं, बाकी सगळं टाकायचं. ओव्हरसियर खुशीत कबूल झाला. निदान दहा तरी निघतील अशी त्याची खात्री होती.

पहिला साधा दगडच निघाला. दुसराही दगडच. पाचव्याच्या वेळी तो म्हणाला, जरा आकार तरी बघा, हुबेहूब मांडीचं हाड. आकारावर जायचं नाही, बाई म्हणाल्या, एखादा बटाटाही माणसासारखा दिसतो.

नववा त्याचा लाडका. कवटीचा तुकडा म्हणून काचेच्या कपाटात मधोमध ठेवलेला. पाहुण्यांना त्याने कधी हात लावू दिला नाही. बाईंनी तो दोनदा चाटला, आणि ओव्हरसियरच्या तोंडाकडे बघून तिसऱ्यांदा. मग नुसती नकारार्थी मान हलवली. बायकोलाही जिंकल्यासारखं काही वाटेना.

चौदा संपले, एकही हाड निघालं नाही, तरी पिशवीच्या तळाशी आणखी एक होता. काळपट, एका बाजूने सपाट.

"अहो, हा माझा," बायको बाईंना म्हणाली. "दुधाच्या पातेल्यावर ठेवते मी, मांजरासाठी. मुलाने आवराआवरीत भरला असणार, त्याला सगळे दगड सारखेच. आणा इकडे."

बाईंनी दिला नाही. तुटकी कड भिंगाखाली धरली, पुसली, जीभ लावली. जीभ ओढून सोडवावी लागली.

कुठला हा, त्यांनी विचारलं. बायको सांगू लागली. लग्न झालं त्या वर्षी खाणीजवळच्या रस्त्याचं काम चालू होतं. यांनी हा उचलला, उलटापालटा केला, काही कामाचा नाही म्हणून फेकला. सपाट दिसला म्हणून तिने घरी आणला. ओव्हरसियर फरशीकडे बघत होता.

बाईंनी रजिस्टर उघडलं. इथे ठेवून जाल का, म्हणाल्या. बायकोने होकार दिला.

"कोणाला सापडला म्हणून लिहू?"

"हिला," ओव्हरसियर म्हणाला. "मी टाकला होता."

तो उठला. चौदा दगड टेबलावर तसेच होते. बायको उठली नाही.

"मग आता दुधावर काय ठेवू मी?" असं म्हणून तिने हात पुढे केला आणि त्यातला नववा उचलला.

"अगं, मुलाकडे मांजर कुठे आहे?"

"मांजराचं काय, येतं कुठूनही," ती म्हणाली, आणि दगड आत टाकून तिने पर्सची चेन लावली.