तीन वेढे

“त्याले सांग, दोनच येढे घे म्हना! तीन घेतले तं दोर धावत नाई!” जांभळाच्या बेचक्यातून चैतराम ओरडला.

खाली त्याची बायको सुलोचनाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. धाकट्या दिराशी तिचीही बोलचाल बंद. तिने भिंतीपलीकडे उभ्या जावेला सांगितलं. जावेने, रुख्माने, डोक्यावरचा पदर सावरला आणि आपल्या नवऱ्याला सांगितलं. नवरा, म्हणजे चैतरामचा धाकटा भाऊ योगराज, झाडाच्या बुंध्याशीच दोर धरून उभा होता. त्याला सगळं पहिल्याच हाकेत ऐकू आलं होतं. पण उत्तर आल्या वाटेनेच परत गेलं.

“खाली घर माहा हाये. तीन घेईन, नाईतं चार घेईन.”

आणि त्याने बुंध्याभोवती तिसरा वेढा आवळला.

दोघांत विस्तव जात नव्हता. वाटणीत अंगण दुभागलं, मधे भिंत आली, जांभूळ चैतरामकडे गेलं. त्याची एक जाडजूड फांदी मात्र भिंत ओलांडून योगराजच्या कवेलूंच्या छपरावर पसरली. झाडाला वाटणी कोण समजावणार? योगराज दोन पावसाळे गप्प राहिला, मग गावच्या तंटामुक्ती समितीत गेला. फांदी सडली आहे, कधीतरी घरावर येईल, म्हणाला. तिरोड्यापासून चोरखमाऱ्यापर्यंत लोकांची झाडं कापून उतरवून देणारा चैतराम, आणि त्याच्याच झाडाची तक्रार! चारचौघांत त्याचं नाक कापलं गेलं. समितीने फांदी उतरवायला सांगितली. त्यावर योगराजने आणखी मीठ चोळलं. “त्याच्या मानसाच्या हातात दोर देनार नाई. दोर मी धरीन.”

धरता येत होता त्याला, हेच तर दुखणं. वाटणीआधी चैतरामचा दोर तोच धरायचा.

फांदीला बांधलेला दोर वरच्या बेचक्यातून खाली येतो, बुंध्याला वेढे घेतो आणि धरणाऱ्याच्या हातात जातो. फांदी सुटली की खालच्याने बेताबेताने ढील द्यायची. जास्त वेढे घेऊन दोर घट्ट धरून ठेवला, तर खालचं घर वाचतं, पण तुटलेलं टोक झोका घेऊन वरच्या माणसावर येतं. दोर पूर्ण सोडला, तर वरचा वाचतो आणि घर जातं. पट्ट्याने खोडाला बांधलेल्या चैतरामला हे पुरतं ठाऊक होतं. आणि आज ज्याच्या हातात दोर, त्याचंच घर खाली. हा मारतो मला, त्याच्या मनात आलं. मारेल, आणि वर सांगेल की मी तर घर वाचवत होतो.

“मले मारून राह्यला का म्हना तीन येढे घेऊन!” तो पुन्हा ओरडला.

निरोप फिरून आला. “भेव लागत असन तं उतर म्हना.”

चैतरामने दातओठ खाल्ले आणि करवतीची मशीन सुरू केली. आधी खालून खाच घेतली, म्हणजे फांदी तुटताना साल बुंध्यापर्यंत सोलत जात नाही. भुसा कोरडा यायला हवा होता. तो काळा आणि ओला आला. फांदी खरंच सडली होती. रोज त्याच झाडाखाली खाट टाकून बसणाऱ्याला ते दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. भाऊ खरं बोलला होता, याचा त्याला जास्तच राग आला. त्या रागातच त्याने मशीन वरून लावली.

अर्धीही कापली नव्हती, तोच फांदी काड्कन तुटली. मशीन हातातून निसटून कमरेच्या दोरीला लोंबकळली. दोर ताणला गेला, आणि मांडीएवढं जाड टोक झोका घेऊन थेट त्याच्या छातीकडे आलं.

'सोड' एवढंच ओरडायचं होतं. बायकांमार्फत पाठवायला वेळ नव्हता. भावाला, थेट, म्हणायचं होतं. चैतरामची जीभ उचलली नाही. मरण समोर दिसत असतानाही नाही. त्याने डोळे मिटले.

दोराची सरसर ऐकू आली आणि पाठोपाठ कवेलू फुटल्याचा आवाज. तो डोळे उघडतो तर समोर काहीच नव्हतं. फांदी योगराजच्या घरात होती. माणसं आधीच बाहेर काढली होती म्हणून बरं. वाशांसकट अर्धं छप्पर खाली बसलं होतं. बुंध्याभोवती एकही वेढा उरला नव्हता. योगराजच्या तळहातांची साल निघाली होती.

रुख्मा कपाळ बडवत ओरडली. “अवो, दोर काऊन सोडला? या घरासाठीच भांडून राह्यले होते ना तुमी?”

योगराजने हात पाठीमागे नेले. वर पाहिलं नाही.

“त्यानंच म्हनलं, सोड,” तो गुरगुरला. “मी काय करू?”

सुलोचनाबाईने चमकून वर पाहिलं. तिने तर काहीच ऐकलं नव्हतं.

थोरल्या दिराशी तोंड उघडायचं नाही, ही घरची रीत. पण रुख्माचा पदर केव्हाच खांद्यावर आला होता. डोक्यावर छप्पर नाही, तिथे पदर कोण पाहतो! तिने थेट वर मान केली.

“काहो, तुमी म्हनले सोड म्हनून? माहा घर पाडाले?”

चैतरामचे ओठ अजून एकमेकांना चिकटलेलेच होते. ते त्याने मोठ्या कष्टाने उघडले.

“हो,” तो म्हणाला. “मीच म्हनलो.”